ड्रायर फिरतो, गरमही होतो, तरी कपडे ओलेच: नवा घेण्याआधी काय तपासायचं

जूनचा दुसरा आठवडा आला की माझा फोन वाजायला लागतो. ठाणे, कळवा, डोंबिवली, मुलुंड. वाक्य जवळपास तेच असतं: “दादा, ड्रायर चालू होतो पण कपडे सुकत नाहीत. आठ वर्षं झालीत त्याला. आता नवाच घेऊ का?” अठरा पावसाळे मी हेच मशीन उघडतोय, आणि बहुतेक घरांतून नवा ड्रायर घ्यायला न लावता परत येतो. ज्या गोष्टी मी त्या घरी जाऊन पाहतो, त्यातल्या अर्ध्याहून जास्त तुम्ही स्वतः, स्क्रू-ड्रायव्हर न लावता पाहू शकता. म्हणून हे लिहितोय.

आधी लक्षणं. तुमचं कुठलं ते ओळखा:

- पूर्वी तासाभरात होणारे कपडे आता दोन-अडीच तास घेतात, किंवा दोनदा लावावे लागतात.
- दार उघडलं की तोंडावर वाफ येते. कपडे कढत असतात, पण ओले.
- ड्रम फिरतो, कपडे मात्र थंडगार.
- सुरुवातीला गरम होतं, मग मधेच थंड पडतं, थोड्या वेळाने पुन्हा गरम.
- मशीन वेळेआधीच “झालं” म्हणून थांबतं, कपडे दमट.
- नुसता घुंऽऽ असा आवाज, ड्रम जागचा हलत नाही.
- ड्रम फिरताना धडधड किंवा किरकिर.
- जळका वास, प्लग किंवा वायर हाताला गरम, बॉडीला हात लावला की झिणझिण्या.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचत बसू नका. मेन स्विच बंद करा आणि माणूस बोलवा. बाकीच्यांसाठी पुढे चला.

एक घोळ आधीच मिटवतो. आपल्याकडे “ड्रायर” हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात. सेमी-ऑटोमॅटिक मशीनचं दुसरं टब, ज्यात कपडे गरगर फिरून पिळले जातात, त्याला घरोघरी ड्रायर म्हणतात; पण त्यात हीटर नसतो, ते फक्त पिळतं. दुसरं, धुणं आणि सुकवणं एकाच ड्रममध्ये करणारं मशीन. तिसरा, स्वतंत्र ड्रायर, जो गरम हवेने कपडे सुकवतो. हे सगळं या तिसऱ्याबद्दल आहे. यातही आपल्याकडे जास्त दिसतो तो पाच-साडेपाच किलोचा, पाइपमधून ओली हवा बाहेर फेकणारा. काही घरांत कंडेन्सरवाला असतो, जो वाफेचं पाणी करून डब्यात साठवतो. हीट पंपवाले, म्हणजे हीटरऐवजी एसीसारख्या कॉम्प्रेसरने हवा गरम करणारे, अजून मोजकेच.

मशीनला हात लावण्याआधी: कढत ओले की थंड ओले?

मशीनमध्ये दोन-तीन ओले टॉवेल टाका, गरम प्रोग्रॅम लावा, पंधरा मिनिटांनी थांबवून हात घाला. टॉवेल कढत आणि वाफाळलेले असतील तर हीटर आपलं काम करतोय. अडचण हवेची आहे. टॉवेल थंड असतील तर अडचण उष्णतेची. एवढ्या एका तपासणीने अर्धा प्रश्न सुटतो. मेकॅनिकला फोनवर हेच सांगितलंत तर तो बरोबर सुटा भाग घेऊन येईल, आणि तुमचा एक व्हिजिट चार्ज वाचेल.

जमलं तर वजनकाटाही वापरा. कपडे बादलीत घालून वजन करा, तासभर सुकवा, पुन्हा वजन करा. २००० वॅटच्या धडधाकट ड्रायरने भरलेल्या ड्रममधून तासाला दीड ते दोन लिटर पाणी उडवायला हवं, म्हणजे वजनात दीड-दोन किलो फरक. फरक किलोभराच्या आत असेल तर कुठेतरी अडचण नक्की आहे. आणि फरक व्यवस्थित येत असेल, तर मशीन ठीक आहे. कपडेच जास्त ओले जातायत.

कपडे आत जातानाच किती ओले आहेत?

हे सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात कमी लोक पाहतात. वॉशिंग मशीनचा स्पिन, म्हणजे पिळण्याचा वेग, मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल तर एक किलो सुती कपड्यांत साधारण ७०० ग्रॅम पाणी उरतं. १४०० फेऱ्यांवर ते अर्ध्या किलोच्या आसपास येतं. चार किलो कपड्यांमागे हा पाऊण लिटरपेक्षा जास्त फरक झाला. एक लिटर पाण्याची वाफ करायला, काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी, ०.६३ युनिट वीज लागते, प्रत्यक्षात जास्तच. तेच पाणी पिळून काढायला वॉशिंग मशीनला पाचेक मिनिटं आणि अगदी थोडी वीज पुरते.

आवाज होतो म्हणून, किंवा भिंत हादरते म्हणून कुणीतरी कधीतरी स्पिन कमी केलेला असतो आणि तो तसाच राहतो. कळव्यातल्या एका घरी मी ड्रायर पूर्ण उघडला, सगळं तपासलं, काही सापडेना. मग सहज शेजारच्या वॉशिंग मशीनकडे पाहिलं. स्पिन ४०० वर. तेव्हापासून कुठल्याही घरी मी आधी ते बटण पाहतो. सेमी-ऑटोमॅटिक असलेल्यांना इथे फायदाच आहे, कारण त्यांचं पिळायचं टब बहुधा १३०० फेऱ्यांच्या वर फिरतं.

जाळी, आणि जाळीच्या मागचं

कपड्यांतून झडणारा कापसासारखा भुसा, म्हणजे लिंट, जाळीवर साठतो. तो दर वेळी काढायचा असतो हे बहुतेकांना माहीत असतं. पण जाळी स्वच्छ दिसते आणि तरी बंद असते, हे माहीत नसतं. कपड्यांना सुवास यावा म्हणून जे सॉफ्टनर घालतात, त्याचा मेणासारखा थर जाळीच्या बारीक छिद्रांवर बसतो. डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार पडलं तर ठीक. पाणी जाळीवर तळ्यासारखं साचलं तर हवाही तशीच अडते आहे. जुना टूथब्रश, भांड्यांचा साबण, कोमट पाणी. घासा, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. टॉवेलना सॉफ्टनर लावणं बंदच करा, तसंही त्याने टॉवेल पाणी कमी शोषतात.

मग बॅटरी घेऊन जाळीच्या खोबणीत पाहा. आत हाताच्या बोटांना लागेल तेवढा भुसा चिमट्याने किंवा व्हॅक्यूमच्या निमुळत्या नळीने काढा. प्लग काढूनच. कंडेन्सरवाल्या मशीनमध्ये खालच्या झडपेमागे कंडेन्सर असतो. तो काढता येत असेल तर बाहेर काढून नळाखाली धुवा, महिन्यातून एकदा. पाण्याचा डबाही रिकामा आहे ना पाहा, भरला की बरीच मशीनं चालायचीच थांबतात.

पाइप आणि खोली

माझ्या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

ड्रायर म्हणजे मूळात हवेचं यंत्र. पंखा खोलीतली हवा ओढतो, हीटरवरून नेतो, ती गरम हवा कपड्यांतलं पाणी उचलते आणि पाइपमधून बाहेर जाते. बाहेर जाणारी हवा अडली, तर पाणी उचललं जातं पण निघून जात नाही. कपडे स्वतःच्याच वाफेत शिजत राहतात. म्हणून ते कढत आणि ओले.

मशीन भिंतीपासून पुढे ओढा आणि मागे पाहा. चार इंची पाइप मशीन आणि भिंतीच्या मध्ये चेपून चपटा झालेला मला इतक्या घरांत सापडतो, की आता मी दारातून आत आल्यावर आधी तिकडेच बघतो. फरशी पुसताना कुणी मशीन मागे सरकवतं, आणि झालं. पाइप शक्य तेवढा आखूड आणि सरळ हवा. दोन मीटरच्या वर नको. प्रत्येक वळण हवेला अडवतं आणि त्या वळणात भुसा साठतो. मधे झोळ पडला असेल तर त्यात पाणी जमतं, आणि पाणी जमलं की भुशाचा चिखल होतो. पाइप काढून बाल्कनीत झटका, दुसऱ्या टोकाकडून आरपार उजेड दिसतो का पाहा. फाटलेला प्लॅस्टिकचा पाइप असेल तर अॅल्युमिनियमचा लावा, खर्च काहीशे रुपये.

पाइपचं बाहेरचं टोकही पाहा. मुंबई-ठाण्यात कबुतरं. ऑक्टोबर ते मे मशीन बंद असतं, तेवढ्या काळात ती तिथे काड्या आणून संसार मांडतात. बाहेरच्या तोंडाला जाड जाळी लावा, बारीक नको. बारीक जाळीत भुसाच अडकतो आणि तुम्ही पुन्हा तिथेच.

आता खोली. पुष्कळ घरांत ड्रायर बाथरूममध्ये किंवा काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत असतो आणि पाइपच लावलेला नसतो. “दुकानदार म्हणाला, पाइपची गरज नाही.” तीन किलो कपडे सुकवताना दोन लिटर पाणी वाफ होऊन त्या खोलीत पसरतं. जुलैमध्ये बाहेरची हवाच ओलीकिच्च असते, त्यात ही भर. मग मशीन तीच दमट हवा पुन्हा ओढतं. पहिली अर्धी फेरी बरी जाते, दुसरी अर्धी रखडते. भिंतीला बुरशी येते ती वेगळीच.

तपासायचं कसं? तेवढेच कपडे एक दिवस खिडकी-दार बंद ठेवून, दुसऱ्या दिवशी खिडकी उघडून आणि बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा लावून सुकवा. वेळेत वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडला तर बिघाड मशीनमध्ये नाही, खोलीत आहे. सुतारकाम करून ड्रायर कपाटात बसवला असेल आणि पुढून शटर असेल तर ते शटर उघडं ठेवून चालवा, किंवा त्याला झरोके पाडून घ्या.

किती कपडे, कुठले कपडे

ड्रम अर्धा ते दोन तृतीयांश भरा. ठासून भरला तर हवा फिरायला जागा नाही. उलट दोनच कपडे टाकले तर ते ड्रमला चिकटून बसतात, ओल ओळखणाऱ्या सेन्सरला नीट लागत नाहीत. जीन्स आणि ओढणी एकत्र टाकली तर ओढणी सुकते, जीन्स ओलीच, आणि सेन्सरला वाटतं काम झालं.

वेळेआधी थांबणाऱ्या मशीनसाठी आणखी एक गोष्ट. ड्रमच्या तोंडाशी, बहुतेक जाळीजवळ, धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यातून अगदी बारीक करंट जातो आणि मशीनला ओल कळते. त्या पट्ट्यांवर सॉफ्टनरचा आणि क्षाराच्या पाण्याचा थर बसतो. कापसाच्या बोळ्याला पांढरं व्हिनेगर लावून पुसा, मग ओल्या फडक्याने. सेन्सरच्या प्रोग्रॅमवर ओले राहतात पण वेळ लावून चालवलं तर सुकतात, असं असेल तर कारण बहुधा हेच, आणि खर्च शून्य.

प्लग आणि व्होल्टेज

२००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढतो, मोटर धरून दहाच्या आसपास. याला १६ अँपिअरचाच पॉवर प्लग हवा, स्वतःची वायर हवी, अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्ड नको, तीन तोंडी अडॅप्टर तर नकोच. फेरी संपल्यावर प्लग काढून त्याच्या पिनांना हात लावा. कोमट ठीक. चटका बसत असेल, प्लॅस्टिक पिवळं-काळं पडलं असेल, तर सॉकेट आतून जळतंय. हे काम वायरमनचं, आणि ते होईपर्यंत ड्रायर लावायचा नाही.

व्होल्टेजचं गणित थोडं फसवं आहे. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. २३० च्या जागी २०० व्होल्ट आले तर हीटर तीन चतुर्थांशच गरम होतो. १८० ला साठ टक्के. कल्याणच्या पुढे आणि कोकणातल्या गावांत संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा “रात्री सुकत नाही, सकाळी सुकतं” ही तक्रार येते. यावर इलाज म्हणजे वेळ बदलणं.

इथपर्यंत सगळं केलंत आणि फरक पडला, तर थांबा. मशीन उघडायची गरज नाही.

मशीनच्या आत

इथून पुढचं वॉरंटी संपलेल्या मशीनसाठीच, आणि ज्यांना मल्टिमीटर धरता येतो त्यांच्यासाठी. प्लग भिंतीतून काढलेला हवा, नुसता स्विच बंद केलेला चालणार नाही. भिंतीवर टांगलेला ड्रायर एकट्याने उतरवू नका, तीस किलोच्या आसपास असतो.

घुंऽऽ आवाज येतो आणि ड्रम फिरत नाही. प्लग काढून ड्रम हाताने फिरवा. अगदी हलका, सैल फिरला तर बेल्ट तुटलाय. नेहमीसारखा जड फिरला तर बेल्ट शाबूत, आणि संशय मोटरच्या कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला मदत करणाऱ्या भागावर. आमच्याकडे याला “कंडेन्सर”ही म्हणतात, आणि कंडेन्सरवाल्या ड्रायरच्या कंडेन्सरशी त्याचा संबंध नाही. फोनवर बोलताना हा गोंधळ होतो, म्हणून “मोटरचा कपॅसिटर” असंच सांगा. आठ महिने बंद राहिलेल्या मशीनमध्ये हा भाग हटकून जातो, समुद्राजवळच्या घरांत तर त्याचे टर्मिनल गंजतात. स्वस्त भाग आहे. पण बंद मशीनमध्येही त्यात चार्ज उरतो आणि जोराचा झटका बसतो, म्हणून सवय नसेल तर हात लावू नका.

धडधड आवाज. पावसाळ्यातल्या पहिल्या दोन-चार फेऱ्यांत येऊन थांबत असेल तर काळजी नको. एकाच जागी आठ महिने उभं राहून रोलर आणि बेल्टला घडी पडलेली असते, चालल्यावर ती निघते. आवाज राहिलाच तर रोलर झिजलेत. किरकिर आणि कपड्यांवर काळे ओरखडे म्हणजे ड्रमच्या कडेचा नमदा (जाड लोकरी पट्टी) झिजलाय, कपडा फटीत अडकतोय. दोन्ही दुरुस्त करण्यासारखं.

थंड ओले कपडे. हीटरच्या दोन टोकांवर ओहम मोजा. २००० वॅटचा असेल तर २६ ओहमच्या आसपास, २५०० चा असेल तर २१. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. कॉइल ठीक असेल तर तिच्याजवळ बसवलेला थर्मल कटआउट तपासा.

या कटआउटबद्दल मला मनापासून बोलायचंय.

हा छोटासा भाग तापमान मर्यादेबाहेर गेलं की सर्किट तोडतो. काही कटआउट थंड झाल्यावर पुन्हा जोडले जातात, काही एकदाच उडतात. तो उडाला याचा अर्थ बहुधा हीटरजवळ हवा पोचत नव्हती. भाग बिघडला नाही, त्याने घर वाचवलं. बाजारात मात्र त्याला “डायरेक्ट” करायची रीत आहे: कटआउट काढायचा, दोन वायरी एकत्र पिळायच्या, टेप लावायची. दहा मिनिटांत मशीन गरम व्हायला लागतं, गिऱ्हाईक खूष. डोंबिवलीतल्या एका काकूंकडे दोन पावसाळ्यांत दोन वेळा हीटर बदलला होता. तिसऱ्यांदा मला बोलावलं. उघडलं तर कटआउट डायरेक्ट, हीटरच्या डब्यात भुसा तपकिरी, काही ठिकाणी करपलेला, आणि मागे पाइप चपटा. दोन्ही हीटरचा खर्च त्या चपट्या पाइपमुळे झाला होता, आणि घराला आग लागायची ती केवळ नशिबाने राहिली. नातवाचे कपडे त्याच मशीनमध्ये सुकत होते. कुणी डायरेक्ट करू म्हणालं तर ठामपणे नाही म्हणा. नवा कटआउट टाकून घ्या आणि हवा कुठे अडली ते शोधायला लावा. बदललेला कटआउट पुन्हा उडाला तर मशीन वापरणं थांबवा.

भुशाला आग लागते ही माझी भीती नाही, नोंद आहे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१२ मध्ये काढलेल्या अहवालात तिथे वर्षाला घरगुती ड्रायरच्या सुमारे २,९०० आगी लागतात असा अंदाज दिलाय, आणि त्यांचं पहिलं कारण साफसफाई न करणं. ब्रिटनमध्ये २००४ ते २०१५ या काळात बनलेल्या लाखो ड्रायरमध्ये भुसा हीटरवर पडू शकतो असं आढळलं आणि २०१९ मध्ये उरलेली मशीनं परत मागवावी लागली. तिकडे राहणाऱ्यांनी जुनं, दुसऱ्याच्या हातचं मशीन घेताना मॉडेल नंबर त्या यादीत नाही ना हे आधी पाहावं.

आपल्या घरांसाठी एक खास सूचना. बाळाच्या मालिशची दुपटी, अभ्यंगाचे पंचे, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी ड्रायरमध्ये घालू नका, धुतलेली असली तरी. तेल धुण्यात पूर्ण जात नाही. करडई, जवस, तीळ यांसारखी तेलं हवेशी लागली की हळूहळू तापतात; गरम कपड्यांच्या ढिगात ती उष्णता कोंडते आणि कधीकधी मशीन बंद झाल्यावर तासाभराने धूर येतो. शेवटची पाच-दहा मिनिटं ड्रायर थंड हवेवर फिरतो ती यासाठीही. घाई म्हणून ती मधे तोडू नका, आणि तोडलीच तर कपडे लगेच काढून पसरून ठेवा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

एमसीबी किंवा ईएलसीबी (धोका दिसला की वीज तोडणारे मीटरजवळचे स्विच) पुन्हा पुन्हा पडतोय. बॉडीला झटका लागतोय. कंट्रोल बोर्डवर जळाल्याच्या खुणा आहेत. पावसाळ्यात पाल किंवा झुरळ ऊब शोधत बोर्डावर शिरतं आणि शॉर्ट होतो, हे मी दर वर्षी पाहतो. उंदराने वायरी कुरतडल्यात. मशीन चालू ठेवून व्होल्टेज मोजावं लागणार आहे. मशीन हीट पंपचं आहे आणि कॉम्प्रेसरच्या बाजूचा प्रश्न आहे. त्यात गॅस बंद नळ्यांत भरलेला असतो, काही मॉडेलमध्ये तो ज्वालाग्राही असतो. अमेरिकेत असाल आणि ड्रायर गॅसवर चालणारा असेल. यांतलं काहीही असेल तर हौशी हाताने पुढे जाऊ नये.

किती वर्षं टिकतो, आणि कधी सोडून द्यायचा

पुस्तकी उत्तर १० ते १३ वर्षं. हा आकडा वर्षभर ड्रायर वापरणाऱ्या देशांतला आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रोज एक फेरी धरली तरी वर्षाला १२० फेऱ्या होतात. त्या हिशेबाने आपलं मशीन जास्त टिकायला हवं, आणि ज्या घरांत हवा मोकळी आहे तिथे टिकतंही. चौदा-पंधरा वर्षांची मशीनं माझ्या हाताखाली आहेत. पण आपल्याकडे त्याला झीज मारत नाही. आठ महिन्यांचा गंज, दमट बाथरूम आणि कोंडलेली हवा मारते. म्हणून “आठ वर्षं झाली” एवढ्यावरून मी कुणालाही नवा घ्या म्हणत नाही. आधी तळाचा पत्रा पाहतो.

बेल्ट, कपॅसिटर, दाराचा स्विच, रोलर, नमदा, कटआउट, पाइप: मशीन कितीही जुनं असो, दुरुस्त करा. खर्च थोडा, आणि यातला एक भाग गेला म्हणून दुसरा जाणार असं नसतं.

हीटर: हवेची अडचण सापडली आणि काढली, तर दुरुस्त करा. कारण न शोधता नुसता हीटर बदलायचा असेल तर पैसे घालवू नका.

मोटर आणि कंट्रोल बोर्ड: इथे वय मोजायचं. सात-आठ वर्षांच्या आत असेल तर करा. त्यापुढे, दुरुस्तीचा आकडा नव्या मशीनच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर मी नको म्हणतो. साधा पाइपवाला नवा ड्रायर वीस-तीस हजारांच्या घरात येतो, त्याच्याशी तुलना करा. बोर्ड “मिळत नाही, पण दुरुस्त करून देतो” असं कुणी म्हणालं तर किती महिन्यांची हमी ते लिहून घ्या. एका पावसाळ्याची तरी हवी.

ड्रम किंवा तळाचा पत्रा गंजून भोक पडलंय, ड्रमचा मागचा शाफ्ट तुटलाय, वायरिंग दोन-तीन ठिकाणी करपलंय, हीट पंपची नळी गळतेय: सोडून द्या. भंगारवाल्याला देण्यापेक्षा अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्या.

नवा घेताना हीट पंपचा घेऊ का, हा प्रश्न आता वरचेवर येतो. साधा ड्रायर चार किलो कपड्यांना तीनेक युनिट घेतो, हीट पंपवाला साधारण निम्मी. १२० फेऱ्यांवर वर्षाला १८० युनिट वाचतील, दहा रुपये दराने १८०० रुपये. किमतीतला फरक इतका आहे की फक्त पावसाळ्यात वापरणाऱ्या घरात तो वसूल व्हायला फार वर्षं लागतात. घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, रोज बारा महिने लागणार असेल, किंवा पाइप बाहेर काढायला जागाच नसेल, तर घ्या. युरोपियन युनियनमध्ये मात्र हा प्रश्न उरलेला नाही. १ जुलै २०२५ पासून तिथल्या नव्या नियमांत व्यवहारात हीट पंपवालेच बसतात, आणि सुटे भाग निदान दहा वर्षं मिळायला हवेत अशी अटही आहे. ही अट आपल्याकडे यावी असं मला फार वाटतं. चांगली मशीनं एका बोर्डासाठी भंगारात जाताना बघणं जड जातं.

ऑक्टोबरमध्ये शेवटची फेरी झाली की मशीन रिकामं, गरम हवेवर अर्धा तास चालवा, म्हणजे आतली ओल जाईल. जाळी धुऊन वाळवा, पाण्याचा डबा असेल तर रिकामा करा, प्लग काढा, पाइपच्या बाहेरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला आणि मशीनवर चिठ्ठी चिकटवा की बोळा काढायचाय. दार बोटभर उघडं. मग नोव्हेंबर ते मे महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवा, आठवणीने तो बोळा काढून. समुद्राजवळ राहत असाल तर पंधरा दिवसांतून एकदा.